मारुती ८०० : पुढच्या दारांची आतली पॅनलं खालून भुगा होतायत. काढायची कशी, आणि वाचतील का?

हिरवी आठशे (चिपळूण), ४ मे

नमस्कार. गाडी मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, एमएच ०८. बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवते. शाळेत जाऊन-येऊन रोज अठरा किलोमीटर. पासिंग २०२८ पर्यंत आहे आणि तोवर तरी मी ती सोडत नाही. त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया नको, तो घरात चहाबरोबर रोज मिळतो.

पुढच्या दोन्ही दारांची पॅनलं खालच्या कडेला फुगली आहेत. वरून रेक्झीन बरं दिसतं, पण बोटाने दाबलं की आत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं लागतं. ड्रायव्हरच्या बाजूला खालच्या तीन क्लिपा पुठ्ठ्यातूनच निखळल्यात. पॅनल पायाला लागून फडफडतं आणि दार जोरात लावलं की तपकिरी भुगा मॅटवर पडतो. मागच्या दोन दारांची पॅनलं मात्र ठणठणीत. माझा अंदाज असा की पुढची दारं पावसात जास्त उघडली जातात, म्हणून ती जास्त भिजतात. मी एकटीच असते गाडीत, मागचं दार उघडतं कोण?

ओळखीच्या गॅरेजात नेली. तिथल्या मुलाने काच फिरवायच्या हँडलचा स्क्रू शोधला, सापडला नाही, मग मागे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला लागला. रेक्झीनवर एक लांब ओरखडा उठला तेव्हा मी "राहू दे बाबा" म्हणून गाडी परत आणली.

तर, हे हँडल निघतं कसं? नवीन पॅनल मिळतं का? आणि नाही मिळालं तर आहे ते दुरुस्त होतं का? शाळेला सुट्टी आहे, हाताशी दोन स्क्रूड्रायव्हर आणि एक पक्कड आहे. पाऊस लागायच्या आत आटपायचंय.

कुर्ला साइडिंग, ४ मे

चिपळूण म्हणजे २०२१ च्या पुरात बसलेली गाडी दिसते. पुराच्या गाडीच्या पुठ्ठ्यावर वेळ घालवू नका. कंपनीने ८०० बनवणं २०१४ च्या जानेवारीत थांबवलं, नवीन पॅनलची आशा सोडा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात निघालेल्या गाड्यांची पॅनलं मिळतात, रंग जुळवून घ्यावा लागेल. घेताना खालची कड दाबून बघा. दहातली सात तुमच्यासारखीच असतात, मी स्वतः दोनदा परत फिरलोय.

हिरवी आठशे, ४ मे

पुरात नव्हती हो. २२ जुलैला गाडी गुहागरला मामांच्या अंगणात उभी होती. आमच्या आळीतल्या कितीतरी गाड्या गेल्या, ही राहिली. म्हणून तर मला ती सोडवत नाही.

पेठेतला पाना (पुणे), ५ मे

पुठ्ठा वाचवायच्या भानगडीत पडू नका, सगळाच नवा करा. जुनं पॅनल साचा म्हणून ठेवायचं आणि ३ मिलिमीटरचं सनबोर्ड (हलकं प्लास्टिकचं बोर्ड) कटरने कापायचं. जाहिरातीचे बोर्ड बनवणाऱ्याकडे तुकडे मिळतात. पाण्याने फुगत नाही, वजनाला हलकं. मी माझ्या मारुती झेनला केलंय, दोन वर्षं झाली.

कुशनवाले काका (कोल्हापूर), ५ मे

ताई, मी कोल्हापुरात कुशनचं काम करतो, पस्तीस वर्षं झाली. आठशेची पॅनलं किती काढली त्याचा हिशोब नाही. पुढची दारं जास्त उघडतात म्हणून पुठ्ठा सडला हे काय पटत नाही मला. दार उघडल्यावर जे शिंतोडे पडतात ते रेक्झीनवर पडतात, पुठ्ठा तर मागून कुजतोय. म्हणून दुरुस्तीचं मी आज काहीच सांगत नाही. आधी पॅनल काढा, मागं काय दिसतंय ते बघा आणि इथं लिहा. मग पुढचं बोलू.

काढायचं असं. काच पूर्ण वर घ्या. हँडल कुठल्या बाजूला वळलेलं आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. हे सगळे विसरतात आणि नंतर हँडल गुडघ्याला लागायला लागलं की बोंबलत येतात. त्या हँडलला स्क्रू नसतोच. आत घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते, ती दांड्याच्या खाचेत अडकून बसलेली असते. जुन्या धोतराची नाहीतर सुती साडीची लांब पट्टी घ्या, हँडल आणि पॅनलच्या मधल्या फटीत घाला, दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि बूटपॉलिशवाला फडकं ओढतो तसं डावं-उजवं ओढा. कापडाचा धागा क्लिपेच्या उघड्या टोकांना धरतो आणि तिला ढकलून बाहेर काढतो. सुटताना ती टणकन उडते. तेवढ्या वेळेला वरून दुसरं फडकं टाका किंवा कुणाला तरी हात धरायला सांगा, नाहीतर अर्धा दिवस क्लिप शोधण्यात जाईल. हँडलमागं प्लास्टिकची एक चकती निघेल, ती जपून ठेवा. ती नाही घातली तर हँडल फिरताना रेक्झीन खरवडतं.

मग हात टेकायच्या दांड्याचे दोन स्क्रू. दार उघडायच्या खटक्याभोवतीच्या चौकटीचा एक. दुसऱ्या कुणी मधे अजून स्क्रू मारून ठेवले असतील तर ते बी बघून घ्या, जुन्या गाडीत काय सांगता येत नाही.

आता पॅनल नुसतं क्लिपांवर आहे. स्क्रूड्रायव्हरचा नाद करू नका. घरातलं डोशाचं पातळ उलथणं घ्या, त्याला फडकं गुंडाळा, आणि जिथं क्लिप आहे तिथंच, तिच्या अगदी बुडाशी घालून उचला. दोन क्लिपांच्या मधे धरून ओढलं की पुठ्ठा फाटलाच म्हणून समजा. एक सुटली की पुढची. सत्तावीस वर्षांचं प्लास्टिक आहे, निम्म्या क्लिपा मोडतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एक नमुन्याला घेऊन दुकानात जा आणि दोन डझन आणा. पत्र्याच्या आतल्या कडा पात्यासारख्या असतात, हातात जाड मोजे घाला.

पेठेतल्या पाना, सनबोर्ड मी बी करून बघितलंय. मे महिन्यात काचा बंद करून गाडी उन्हात ठेवली आणि दुपारी बघतो तर पॅनलला पोट आलेलं. गिऱ्हाइकाला परत पुठ्ठ्याचं करून दिलं, माझ्या पदरचे पैसे घालून.

पेठेतला पाना, ५ मे

काका, माझी झेन तळघरात सावलीत असते. तुमचं बरोबर असेल. पण पाण्यात पुठ्ठा घालून परत तेच रडगाणं का गायचं?

कुशनवाले काका, ५ मे

पाणी येतं कुठनं ते कळलं की पुठ्ठा बी टिकतो. ताईंच्या मागच्या दारांचा टिकलाच की. चिपळूणचाच पाऊस आहे त्यांच्या अंगावर.

हिरवी आठशे, ९ मे

काका, काढलं. दोन्ही बाजूंचं. आधी फजिती सांगते. आईच्या जुन्या नऊवारीची पट्टी घेतली, चौथ्या ओढीला क्लिप सुटली आणि थेट अबोलीच्या वाफ्यात. मुलाने फ्रिजवरचं चुंबक दोरीला बांधून मातीतून फिरवलं तेव्हा मिळाली. दुसऱ्या दाराला वरून टॉवेल टाकला.

आता आत काय दिसलं ते. डावीकडच्या दारात पत्रा आणि पुठ्ठा यांच्या मधे असतं ते प्लास्टिक नाहीच. म्हणजे आहे, पण जागेवर नाही. २०१९ मध्ये मी पुढच्या दारांत स्पीकर बसवून घेतले होते. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्या माणसाने मूळचं प्लास्टिक ब्लेडने फाडून, त्याचा बोळा करून दाराच्या पोटातच खाली सोडून दिला होता. तो बोळा, त्यात अडकलेली माती आणि शाळेसमोरच्या गुलमोहराची पानं, असा सगळा मिळून दाराच्या तळाला दोन बोटं जाडीचा काळा लपका झाला होता. मे महिन्यात ओला! दर रविवारी गाडी धुते त्याचं पाणी असणार. वास तर असा, की मुलगा लांब जाऊन उभा राहिला. त्यात एक पेनाचं टोपण, रुपयाचं नाणं आणि माझी २०२० पासून हरवलेली कानातल्याची फिरकी मिळाली.

उजवीकडे बोळा नाही, पण प्लास्टिक स्पीकरभोवती हातभर कापलेलं आणि बाकीचं लोंबकळत होतं. त्याची खालची बाजू पुठ्ठ्याच्या आत, म्हणजे माझ्या पायाच्या बाजूला आली होती.

मग कुतूहल म्हणून मागचं एक दार उघडलं. तिथे मूळचं प्लास्टिक तसंच, कडेला काळा चिकट पदार्थ. इतक्या वर्षांनंतरही तो बोटाला असा लागला की रॉकेलने धुवावा लागला. पॅनलची मागची बाजू कोरडी खडखडीत, पुठ्ठ्यावरचा कारखान्यातला खडूचा आकडासुद्धा वाचता येतोय.

म्हणजे दार उघडण्या-लावण्याचा काही संबंध नव्हता. पण पाणी मुळात दारात जातं कसं? काचा मी बंदच ठेवते.

कुशनवाले काका, ९ मे

बंद काचेवरूनच जातं, ताई. काच वर-खाली व्हायची म्हणजे तिला फट लागणार. बाहेरची रबरी पट्टी बरंच पाणी अडवते, सगळं नाही, आणि जुनी होऊन कडक झाली की अजून कमी. ते पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं. उतरू दे, गाडी बनवणाऱ्यानं तसंच धरलेलं आहे. त्यासाठीच दाराच्या अगदी खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात, तिथनं ते रस्त्यावर पडतं. आता दाराच्या आतल्या पत्र्याला हात घालायला मोठमोठी भोकं आहेत. त्या भोकांतनं पाणी पुठ्ठ्यावर उडू नये म्हणून मधे ते प्लास्टिक. तुमच्या माणसानं प्लास्टिक काढलं ते काढलं, वर त्याचाच बोळा करून भोकं बुजवली. दाराची बादली केली त्यानं.

तुमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पुठ्ठा सहा पावसाळे टिकला हेच लई झालं.

आता काम. पहिलं भोकं मोकळी करा. लोखंडी तारेनं खरवडलं तर रंग जातो, माडाच्या झापाचा हीर घ्या, तुमच्या दारातच असेल. खालनं वर घाला. मग वरून तांब्याभर पाणी ओता आणि सगळ्या भोकांतनं पडतंय का बघा. तळाला गंज दिसेल तो काचपेपरनं घासून गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग मारा, वाळू द्या. उघडलंच आहे तर काचेच्या मशीनला बी ग्रीस लावा, दात आणि रोलरला. काचेच्या रबरात ग्रीस घालू नका.

पुठ्ठ्याचं. रेक्झीन सगळं सोलू नका, मी हात जोडून सांगतो. त्याच्यावरच्या उभ्या रेघा कारखान्यात उष्णतेनं दाबलेल्या असतात, एकदा सुटल्या की कुठल्याच कुशनवाल्याकडं परत तशा येत नाहीत. फक्त खालची कड, चार बोटं रुंदीची, केस वाळवायच्या मशीननं कोमट करत सोलत जा. कुजलेला भाग दिसतो तिथं कापायचं नाही, कडक लागतो तिथं कापायचं. सरळ पट्टी ठेवून कापा. त्या जागी ३ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लायवूड बसवा, सुताराकडं चिंधी तुकडा फुकट मिळतो. सहा मिलिमीटरचं घेऊ नका, क्लिपेची मान तेवढी लांब नसते, बसणारच नाही. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचं बोर्ड) तर अजिबात नको, तो पुठ्ठ्याचाच भाऊ.

सांध्याला मागनं मांजरपाटाची दीड इंची पट्टी, अरल्डाइटमधे भिजवून. झटपट वाळणारं नको, साधं घ्या आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

क्लिपेच्या भोकांची जागा चुकली तर सगळी मेहनत वाया. जुनी कड तर भुगा झाली, मग माप घेणार कुठनं? दारावर मोठा कागद चिकटवा आणि मुलांना नाण्यावर पेन्सिल घासायला शिकवता तशी घासा. पत्र्यातली भोकं कागदावर उमटतात. तो कागद प्लायवर ठेवून खुणा करा. भोकाचा आकार मागच्या पॅनलवरून घ्या, एका बाजूला मोठं आणि तिथनं निमुळती खाच असतं.

प्लायला आणि सगळ्या कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात. भोकांच्या आतनं बी. हा कंटाळवाणा भाग आहे आणि लोक हाच गाळतात. रेक्झीन परत चिकटवायला रबर सोल्यूशन, एसआर ९९८ चालतं. दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा. पांढरं फेव्हिकॉल नको.

आणि प्लास्टिक. तुम्ही पावसाळ्यात पडवीला बांधता ना जाड काळा प्लास्टिकचा कागद, त्यातलाच घ्या. कडेला ब्यूटाइलची (चिकट रबराची) टेप. बाजारात व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन मिळतं ते पत्र्याला लावू नका, त्या आम्लानं गंज धरतो. खालची कड मात्र पत्र्याच्या आत, दाराच्या पोटात सोडायची. कौलं जशी लावतो, वरच्याचं पाणी खालच्यावर आणि शेवटी बाहेर, तसंच. स्पीकर ठेवायचा असेल तर त्याच्या मागं त्याच प्लास्टिकची छत्री करा, वरून आणि बाजूंनी चिकटवलेली, खालनं मोकळी.

पेठेतला पाना, १० मे

पेन्सिल घासायची युक्ती मी आयुष्यात ऐकली नव्हती. काका, नमस्कार. (माझ्या झेनच्या दारातलं प्लास्टिक आज बघितलं. नाहीये.)

कुर्ला साइडिंग, १० मे

एक भर. काचेजवळची बाहेरची रबरी पट्टी ८०० ची अजून सहज मिळते. दारं उघडीच आहेत तर ती पण बदलून टाका, पाणी निम्म्याने कमी होईल. पुराचं बोललो ते मागे घेतो.

हिरवी आठशे, १५ जून

उशिरा लिहितेय, पण मुद्दाम थांबले होते. पाऊस पडल्याशिवाय काय सांगणार?

डावं पॅनल करायला मला तीन दिवस लागले, उजवं एका दिवसात झालं. डाव्याला मी अर्थातच कमी कापलं होतं. वाटलं, एवढा भाग बरा आहे, कशाला वाया घालवा. प्लाय चिकटवलं, दुसऱ्या दिवशी वजन काढलं तर सांध्याच्या वरचा "बरा" पुठ्ठा पापडासारखा दोन पदरांत सुटला. काका, तुम्ही "कडक लागतो तिथं" म्हणाला होतात, मी "जरा कमी मऊ लागतो तिथं" कापलं. पुन्हा दोन बोटं वर कापून सगळं नव्याने केलं.

पेन्सिलवाला कागद चौथीतल्या शेजारच्या मुलीने घासून दिला, तिला तो दाराचा एक्सरे वाटला. भोकं एकदम बरोबर आली, फक्त एक अर्ध्या सुताने चुकलं, ते कानसीने ओढून घेतलं. रेक्झीन परत ताणून चिकटवताना केस वाळवायचं मशीन जास्त वेळ धरलं गेलं आणि डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा भाग चकचकीत झालाय. तिथे आता माझी छत्री टेकते, दिसत नाही.

हँडलची क्लिप बसवायला मी आधी दांड्यावर घालून वरून हँडल दाबत बसले होते, तासभर. मग उलटं केलं. क्लिप आधी हँडलच्या खाचेत सरकवली, हँडल दांड्यावर ठेवलं आणि तळहाताने एक दणका दिला. टक्! हे कुणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून लिहिते.

खर्च : क्लिपा, टेप, अरल्डाइट, सोल्यूशन, रेड ऑक्साइड आणि दोन रबरी पट्ट्या मिळून साडेनऊशे रुपये. प्लाय सुताराने दिलं, काळा कागद पडवीचा उरलेला.

मृग लागला त्या रात्रीपासून इथे थांबलेला नाही. काल सकाळी गाडी काढली तेव्हा दोन्ही दारांखाली फरशीवर तीन-तीन ओल्या रेघा होत्या. भोकांतून आलेल्या. आत मॅटवर हात फिरवला, कोरडी. पॅनलची खालची कड दाबून बघितली, बोट आत जात नाही.

फक्त एक शंका आहे. उजव्या दाराच्या सगळ्या क्लिपा मी मोजून लावल्या, पॅनल कुठेही हलत नाही, आणि तरी माझ्या वाटीत एक मूळची, न मोडलेली क्लिप उरली आहे. ही कुठली?

कुशनवाले काका, १५ जून

माझ्याकडं असल्या क्लिपांचा एक डबा भरलाय ताई.